फोटोवरचा नंबर

वॉटरमार्क कोणता ठेवावा या एका प्रश्नावर नंदलाल धकातेने चार दिवस घालवले. घालवायला त्याच्याकडे वेळ होताच. साकोलीच्या बसस्टँडमागचा त्याचा फोटो स्टुडिओ तीस वर्षं जुना, पण आता तिथे पासपोर्ट फोटोपलीकडे कोणी फारसं फिरकत नसे. दिवसभर काउंटरवर बसून तो रस्त्यावरच्या माणसांच्या हातातले फोन बघायचा आणि प्रत्येक फोनवर मनातल्या मनात चिडायचा. त्याचा स्वतःचा फोन मात्र वाजत नसे. त्यात त्याने सनईची रिंगटोन ठेवली होती, लग्नाच्या ऑर्डरी याव्यात म्हणून. गेल्या दोन सीझनमध्ये ती सनई बहुतेक वेळा विमा विकणाऱ्या बाईनेच वाजवली होती.

प्रकरण सुरू झालं बदकांवरून. शिवनीबांधच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरतात. नंदलालने धुक्यात, पायांत गारठा भरेपर्यंत बसून त्यांचा एक फोटो काढला आणि हौसेने दोन ग्रुपवर टाकला. आठवड्याने तोच फोटो त्याच्या बायकोला, विजयमालाला, तिच्या बहिणीकडून आला. वर 'शुभ सकाळ' आणि खाली कोपऱ्यात 'अमर क्लिक्स'. हा अमर कोण, हे साकोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. नंदलाल त्या दिवशी जेवला नाही. आपण अर्ध्या तालुक्याचे फोटो काढले आणि एकाही फोटोवर आपलं नाव नाही, हे त्याच्या डोक्यात असं बसलं की काही केल्या उठेना.

"नावाचं एवढं काय लागून राहिलं जी तुमाले?" विजयमाला म्हणाली. "पयले तुमी लग्नाच्या पत्रिका छापत व्हते तवा बी हेच. नवरीच्या मामाचं नाव बारीक अन् स्टुडिओचं ठळक."

नंदलाल तिथून उठून स्टुडिओत गेला. त्याने कॉम्प्युटरवर वॉटरमार्क टाकायचा एक प्रोग्राम उतरवून घेतला आणि बदकांवरच प्रयोग सुरू केले. उजव्या कोपऱ्यात नाव टाकलं, तर कोपरा कापता येतो. खाली पट्टी टाकली, तर पट्टी कापता येते. कॅमेऱ्याचं चित्र टाकलं, ते विजयमालाला प्रेशर कुकर वाटलं. शेवटी चौथ्या दिवशी त्याने तिरपं नाव पसंत केलं. डाव्या अंगाने खालून वर चढत जाणारी पांढरी अक्षरं, 'नंदलाल फोटो स्टुडिओ, साकोली', आणि त्यापुढे मोबाइलचे दहा आकडे, थेट फोटोच्या मधून.

"माणसाच्या अंगावरून नाव नेता का?" विजयमालाने विचारलं. अंगावरून नेलं तरच कोणी कापू शकणार नाही, असं नंदलालचं म्हणणं. तिने कपाळाला हात लावला आणि ती भाजी निवडायला निघून गेली.

मग नंदलालने ते केलं, ज्याबद्दल त्याने पुढे स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या. 'सगळे' नावाच्या फोल्डरमध्ये त्याचे गेल्या अकरा वर्षांचे फोटो होते. त्याने ते अख्खं फोल्डर प्रोग्रामला दाखवलं. जुन्या फोटोंच्या जागी नवे ठेवायचे का, असं प्रोग्रामने इंग्रजीत विचारलं, आणि नंदलालने हो म्हटलं. जास्तीच्या हार्ड डिस्कमधली दुसरी प्रतही केबलने जोडलेली होती, तिच्याबद्दलही विचारलं, तिलाही त्याने हो म्हटलं. कॉम्प्युटर दुपारभर घरघरत होता. नंदलाल समोर चहा घेऊन बसला होता आणि नवरीमागून नवरी, बारशामागून बारसं आपल्या नावाखाली जाताना बघत होता. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं.

दिवेलागणीला सनई वाजली. सानगडीहून मनिष कापगतेचा फोन होता.

"नंदूभाऊ, बाबा गेले. तुमच्यापाशी त्याईचा फोटो हाये म्हणत व्हते. पाठवून द्या, मेसेज टाकाचा हाये."

मनिषचे वडील कृष्णराव गेल्या हिवाळ्यात एकटेच एसटीने स्टुडिओत आले होते. पांढरा धुवट सदरा, गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला काळपट मफलर, खिशात स्वतःचा कंगवा. "वर जायचा फोटो काढून दे," म्हणाले. "नाई तं हे पोट्टे आधार कार्डावरचा लावतीन अन् मी जलमभर चोरावानी लटकून राहीन." स्वतःच्या बोलण्यावर ते मिशीआडून हसले आणि नंदलालने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. तीस वर्षांत त्याने काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता, हे त्याचं त्याला माहीत होतं. प्रिंट कृष्णरावांनी काढूच दिली नाही. घरात दिसली तर बायको रडत बसेल, फोटो तुझ्याच कॉम्प्युटरात राहू दे, म्हणाले.

डोळे पुसत नंदलालने फोटो शोधला आणि न उघडताच मनिषला पाठवून दिला. अर्ध्या तासाने 'दुःखद निधन' असा मेसेज फिरत फिरत त्याच्याच फोनवर आला, तेव्हा त्याने तो उघडला. तिरपी अक्षरं कृष्णरावांवरून गेली होती. त्यातही दैवाचा खेळ असा की पांढऱ्या सदऱ्यावर पांढरं नाव पार विरघळून गेलं होतं. काळपट मफलरवर आणि गळ्यावर उरले होते ते दहा आकडे, खणखणीत. मनिषने फोटो नीट न बघताच घाईत मेसेज सोडला होता आणि त्यात कुठलाच नंबर दिला नव्हता. त्या अख्ख्या मेसेजमध्ये नंबर होता तो एवढाच.

पहिला फोन लाखांदूरहून आला. जनाबाई नावाची कोणी म्हातारी होती, कृष्णरावांची मावसबहीण. नंदलाल सांगायला लागला की बाई, हा घरचा नंबर नव्हे. पण जनाबाई फोन उचलायच्या आधीपासूनच रडत होती आणि तिला कानाने कमी ऐकू येत होतं. लहानपणी कृष्णरावांनी तिला तलावात बुडताना केस धरून कसं ओढून काढलं, ते तिने सगळं सांगितलं. मग विचारलं, "शेवटी तरास नाई ना झाला माह्या भावाले?" नंदलालच्या तोंडून आपसूक निघालं, "नाई. शांतपणानं गेले."

तिथून सगळं बिघडलं. गोंदियाचा साडू, बालाघाटची भाची, शाळेतला वर्गमित्र, धान मळायला येणारी टोळी, सगळ्यांना यायला जमत नव्हतं आणि सगळ्यांना दोन शब्द बोलायचे होते. ज्याला जाता येत नाही त्याने निदान फोन तरी करावा, ही आपल्याकडची रीतच. दिवसाला पंधरा-पंधरा वेळा सनई वाजू लागली. नंदलालने दोघा-तिघांना खरं सांगून पाहिलं. एक जण ओशाळला, एकाने त्याला दुःखाच्या वेळी थट्टा करतो म्हणून फैलावर घेतलं. त्यापेक्षा हुं हुं करणं सोपं होतं. तेरवी कधी, विचारलं की तो तारीख सांगे. आदल्या रात्री त्यांनी काय खाल्लं होतं, विचारलं की भात आणि वरण सांगे. पुढे पुढे विजयमालाही फोन घेऊ लागली. नवऱ्याला ती शिव्या घाली, पण फोनवर तिला त्याच्यापेक्षा छान रडता येत होतं. एका दुपारी ती जनाबाईशी पाऊण तास बोलली आणि शेवटी दोघी गुडघेदुखीवर आल्या.

मनिषला सगळं सांगून मोकळं व्हावं, असं नंदलालला रोज सकाळी वाटे आणि दुपारपर्यंत धीर सुटे. नंबर कुठून आला हे सांगायचं तर वॉटरमार्क सांगावा लागणार, आणि वॉटरमार्क सांगायचा तर तो एकुलता एक चांगला फोटो आपण खराब केला, हेही सांगावं लागणार. मेलेल्या माणसाचा फोटो बिघडवणाऱ्या फोटोग्राफरला या तालुक्यात पुन्हा कोण उभं करणार? असलेलं नावही जाणार होतं. तेरवीला मोठी फ्रेम करून आणतो, एवढंच त्याने मनिषला सांगितलं आणि तो नंबर पुसायच्या मागे लागला. पुसायच्या प्रोग्रामने आकड्यांबरोबर हनुवटी नेली. दुसऱ्याने मिशी नेली. मिशीशिवाय ते कृष्णराव राहतच नव्हते. नंदलालने दोन्ही प्रोग्राम बंद केले आणि तो काउंटरवर डोकं टेकवून बसला.

दहाव्या दिवशी दुपारी एक फोन आला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"मी उरकुडा बोलून राहिलो," शेवटी आवाज आला. "वहिनीले इचारसान का, मी तेरवीले येऊ का म्हणून?"

इतक्या फोनांनंतर नंदलाल सराईत झाला होता. त्यात समोर एक बाई पासपोर्ट फोटोसाठी केस विंचरून तयार बसली होती. "इचाराचं काय हाये त्याच्यात?" तो म्हणाला. "या ना. सगळे वाट पाहून राहिले तुमची."

पलीकडे माणूस रडत असल्याचा आवाज, आणि फोन बंद.

संध्याकाळी फ्रेमचं माप विचारायला मनिषने फोन केला, तेव्हा नंदलालने सहज विचारावं तसं विचारलं, हे उरकुडा कोण. मनिषने सांगितलं ते असं. उरकुडा हा कृष्णरावांचा सख्खा धाकटा भाऊ. सासुरवाडीच्या गावी राहायचा. बारा वर्षांपूर्वी मनिषच्या बहिणीचं, तृप्तीचं लग्न झालं, त्या पत्रिकेत सगळ्या काका-मामांची नावं होती आणि उरकुडाचं तेवढं नव्हतं. तो भर मांडवातून उठून गेला. मी नाव लिहून दिलं होतं, असं कृष्णराव शपथेवर सांगत, आणि उरकुडा म्हणे, खोटं बोलतो. पुढे उरकुडाचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं, तो पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला गेला, आणि कोणाकडे कोणाचा नंबरही राहिला नाही. "आईसमोर त्याईचं नाव बी घेऊ नका," मनिष म्हणाला. "बाबा शेवटपर्यंत दाराकडं पाहत व्हते. ते काही तिच्यानं भुलवत नाई."

ज्याचं नाव घ्यायचं नाही त्यालाच नंदलाल तेरवीला बोलावून बसला होता, आणि रडत फोन ठेवलेल्या माणसाला आता येऊ नका कसं म्हणणार? शांतपणाने गेले, असं आपण चाळीस लोकांना सांगून बसलो, हेही त्याला तेव्हाच आठवलं.

तेरवीच्या दिवशी तो उजाडताच सानगडीला पोचला. शेतांमध्ये कापलेल्या धानाचे पुंजणे, भाऱ्यांचे ढीग, अजून उभे होते आणि त्यांच्यावर धुकं बसलं होतं. फ्रेम त्याने स्वतःच्या हाताने पाटावर ठेवली आणि बरोबर आणलेले झेंडूचे तीन जाडजूड हार तिच्यावर चढवले. पहिल्या हाराने नंबरातले चार आकडे झाकले, दुसऱ्याने सात, तिसऱ्याने दहाही. मात्र तिसरा हार कृष्णरावांच्या मिशीला लागला होता.

"एवढे हार कायले रे, बाप्पा?" गोदावरीबाई म्हणाल्या. कृष्णरावांची बायको, वाळून काडी झालेली, पण आवाज ठणठणीत. "माणूस दिसून नाई राहिला माहा." आणि त्यांनी एक हार काढला. नंदलालने, काकू, हवेनं फोटो हलतो, असं काहीतरी पुटपुटत तो पुन्हा घातला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा काढला. असं तीन वेळा झालं. शेवटी नंदलाल फ्रेमच्या बाजूलाच ठाण मांडून बसला, तेव्हा पाहुण्यांना तो घरातलाच कोणी जवळचा वाटला आणि दोघांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

अकराच्या सुमारास फाटकात एक म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि मिशी अगदी फोटोतल्यासारखी. मांडवातलं बोलणं बंद झालं. गोदावरीबाई उठून दारापर्यंत गेल्या.

"कोणं बलावलं तुले?"

"तुमच्याच घरून सांगतलं, वहिनी," उरकुडा म्हणाला. "दादाच्या फोटोवर नंबर व्हता. फोन केला तं म्हणे, या, सगळे वाट पाहून राहिले."

असा कुठला नंबर, म्हणून तृप्ती फोटोजवळ आली. नंदलाल आडवा आला, पण तिने त्याच्या खांद्यावरून हात घालून हार बाजूला सारले, आकडे वाचले आणि आपल्या फोनवर, स्पीकर लावून, दाबले. नंदलालच्या खिशात सनई वाजायला लागली. भर तेरवीत, लग्नाची सनई. तो ती बंद करायला गेला आणि घाबरून त्याने फोन उचलला. तृप्तीच्या फोनमधून त्याचाच धापा टाकल्याचा आवाज मांडवभर ऐकू आला.

मग त्याने सगळं सांगितलं. बदकांपासून सांगितलं. कोणी हसलं नाही. मनिषने मुठी आवळल्या होत्या, आणि मांडवात हात उगारायचा नाही एवढंच भान त्याला राहिलं होतं. उरकुडाला या सगळ्यातलं एकच समजलं, की आपल्याला घरच्यांनी बोलावलेलं नाही. तो वळला. जाता जाता त्याने पिशवीतून एक जुनी पत्रिका काढली आणि गोदावरीबाईंच्या हातात दिली.

"हे दादापुढं ठेवा लागत व्हतं," तो म्हणाला. "बारा वर्सं सांभाळली. आता मले नाई पायजे."

"यायनं तुयं नाव लिवलं व्हतं, उरकुडा," गोदावरीबाई म्हणाल्या. "माह्यासमोर लिवलं. कागदावर सगळ्यात शेवटी. तृप्ती, वाच वं, शेवटी काय हाये?"

तृप्तीने पत्रिका उजेडाकडे धरली. निमंत्रकांची नावं संपली होती तिथे, ठळक अक्षरांत, शेवटची ओळ होती. तिने ती वाचली. "छपाई व फोटो, नंदलाल फोटो स्टुडिओ, साकोली." आणि पुढचे आकडे ती वाचायला लागली, पण पाचव्या आकड्यावर थांबली, कारण ते तिने आत्ताच फोनवर दाबले होते.

नंदलालला तो कागद डोळ्यांसमोर दिसला. वहीचं पान, निळी शाई, कृष्णरावांचं वाकडंतिकडं अक्षर. नावं जास्त झाली होती आणि पत्रिकेत एक ओळ कमी पडत होती. तो हंगामाचा दिवस होता, पुढे सहा पत्रिका पडल्या होत्या. एवढ्या नावांत एक राहिलं तर कोणाच्या लक्षात येतं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. स्वतःची ओळ काढायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आता त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"एक ओळ कमी पडली व्हती," तो म्हणाला. "मी माहीच टाकली."

उरकुडा फाटकातून परत आला, फोटोपुढे गेला आणि एकटक बघत उभा राहिला. गळ्यावर दहा आकडे घेऊन कृष्णराव मिशीआडून हसत होते. "दादा, तू खरा व्हता रे," उरकुडा म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. गोदावरीबाई त्याच्याजवळ बसल्या. त्याही रडल्या. बारा वर्षांचं रडणं होतं, ते काही पाच मिनिटांत आटपत नाही. पंगत तासभर खोळंबली.

नंदलाल चपला शोधत होता. गोदावरीबाईंनी त्याला हाक मारली.

"जेवल्याबिगर जाऊ नको. तेरवीच्या घरून कोणी उपाशी जात नाई, तुयासारखा बी नाई."

तो खाली मान घालून जेवला. वाढणाऱ्याने त्याला वडा वाढला नाही, त्याने मागितलाही नाही. हात धुऊन निघताना गोदावरीबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या.

"माहा बी फोटो काढून ठेव," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी येतो साकोलीले. त्याच्यावर तुयं नाव टाकजो नोको. नंबर टाक. मोठा टाक."

"काकू, नंबर कायले?"

"यायनं दाराकडं पाहत जीव सोडला. अन् तो तिकडं, नंबर नाई म्हणून बसून राहिला. माह्या मागं बी कोणी रुसलेला असंन तं त्याले फोन तं करता येईन. तू उचलजो, अन् ये म्हणजो. तुले तेवढं तं जमते."

मनिषने पुढे दोन महिने नंदलालशी बोलणं टाकलं. फोटो मात्र त्याने बदलला नाही, कारण दुसरा नव्हता. गोदावरीबाई ठरल्याप्रमाणे सोमवारी आल्या, नवं लुगडं नेसून. त्यांच्याबरोबर सानगडीच्या आणखी दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांनाही फोटो हवा होता, आणि त्यांनाही नंबर हवा होता.

त्या गेल्यावर नंदलालने वॉटरमार्कचा प्रोग्राम उघडला. 'नंदलाल फोटो स्टुडिओ, साकोली' ही अक्षरं एकेक करून पुसली. दहा आकडे ठेवले, कोपऱ्यात, चेहऱ्यापासून लांब. त्याने विजयमालाला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"बरं दिसते," ती म्हणाली. "पण ह्या सनईचं काही करा जी."

तो रिंगटोन बदलायला गेला आणि तेवढ्यात हातातच सनई वाजली. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडचा माणूस चाचरत बोलत होता. तो कामासाठी परमुलखात होता, त्याला आजच कळलं, उशीर झाला होता. कृष्णरावांच्या घरून बोलता का, असं त्याने विचारलं.

नंदलालने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि तो स्टुलावर नीट टेकून बसला.

"हो," तो म्हणाला. "घरूनच बोलतो. सांगा."